जादूगार घराण्यांच्या राज्यात राजाचा अंगरक्षक कसा उभा करायचा

अंगरक्षक लिहायला बसलात की आधी त्याची उंची, मिशा आणि तलवार कागदावरून खोडा. तो कुणाच्या हाताकडं बघतो, ते लिहा. बाकीचं मागाहून.

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी बहुतेक बंदोबस्तातच गेली. मंत्र्यांचे दौरे, गणपती विसर्जन, जोतिबाची चैत्र यात्रा, दसरा. आता रविवारी भाचा आणि त्याची मित्रमंडळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर जमतात, टेबलावरचा रोल-प्लेइंग खेळ मांडतात, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि मला डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) करतात. जादूची घराणी, त्यांचे राजे, त्यांची भांडणं, सगळं मी चालवायचं. पोरं हुशार आहेत. पण प्रत्येक जण अंगरक्षक आणतो तो असा: "मामा, साडेसहा फूट, दोन तलवारी, आणि आग काढतोय हातातनं. नाद खुळा!" मी विचारतो, हा उभा कुठं राहतो? जेवतो कधी? रात्री दोन वाजता याच्या जागेवर कोण असतं? मग पोरं गप्प. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच इस्कटून लिहितो.

पहिलं काम घराण्यांचं. तुमच्या राज्यात जितकी जादूगार घराणी असतील, त्या प्रत्येकापुढं एकच ओळ लिहा: यांची जादू सुटायच्या आधी बाहेर काय दिसतं? बंदोबस्तात आम्हाला शिकवलेलं की तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. माणूस हसत हसत जवळ येतो, पण हात खोटं बोलत नाही. सगळी गर्दी साहेबांकडं बघत असते. एखादाच साहेबांच्या मागंपुढं कोण आहे ते न्याहाळत असतो, त्याला टिपायचं. मे महिन्यात जॅकेट घालून आलेल्याला टिपायचं. हार हातात आहे, पण हाराखाली दुसरा हात का, ते विचारायचं.

जादूच्या राज्यात हेच, फक्त हाताच्या जागी काय ते तुम्ही ठरवायचं. आमच्या खेळात चार घराणी आहेत. अंगारवाडकरांची आग तळव्यातून निघते, आणि निघायच्या आधी तळवा कोरडा पडतो, ते हात चोळतात. नादगावकरांची जादू आवाजात, म्हणजे मंत्राआधी त्यांना पोटभर श्वास घ्यावा लागतो. दर्पणकर आरशातून, पाण्यातून, घासलेल्या पितळेतून आत येतात. वेलवाडकरांचं सगळं बियाण्यात आणि पानाफुलात. आता बघा, अंगरक्षकाचं काम आपोआप ठरलं. एक तळव्यांवर नजर ठेवून, एक छातीच्या भात्यावर, एक दरबारातली भांडी बघणारा, आणि एक दारातल्या फुलांच्या टोपल्यांपाशी. चौघांतल्या एकालाही साडेसहा फूट असायची गरज नाही. भांडी बघणारी आमच्याकडं एक बारीक चणीची बाई आहे, पूर्वी राजवाड्यात मोलकरीण होती. कुठला तांब्या कालच घासलाय आणि कुठला महिनाभर पडून आहे, हे तिला लांबून कळतं.

इथून पुढची पायरी पोरांना फार आवडली: धोक्यातून रिवाज काढा. दरबारात अंगारवाडकर आला की त्याच्या दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेला गडू दिला जातो. म्हणायला पाहुण्याचा मान. खरं म्हणजे गडू सोडल्याशिवाय त्याला तळवा उघडता येत नाही, आणि पाणी सांडलं की आवाज होतो. नादगावकर आत आला की सनई-चौघडा सुरू, आणि तो बाहेर जाईपर्यंत थांबत नाही. चौघड्यात मंत्र बुडतो. पण मग अंगरक्षकांनाही एकमेकांचं ऐकू येणार नाही, म्हणून त्यांच्या हाताच्या खुणा ठरवा. आमच्याकडं कान धरला की "बाहेर काढा", आणि नुसती पगडी सारखी केली की "काही नाही, चालू द्या". वॉकी बंद पडल्यावर आम्हीही असंच काहीबाही करायचो.

भेट ठरवणं हासुद्धा पहाऱ्याचाच भाग. प्रतापगड आठवा, 10 नोव्हेंबर 1659. अफझलखानासोबतचा सय्यद बंडा पट्ट्याचा नामांकित. महाराजांनी भेटीआधीच त्याला शामियान्यातून दूर करायला लावलं. पुढं झटापट झाली तेव्हा तोच धावून आला आणि जिवा महालानं त्याचा उगारलेला हात तोडला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे सगळ्यांना पाठ असतं. पण धोका कुणाच्या हातात आहे हे आधीच हेरलं होतं, ते कुणी सांगत नाही. तुमच्या खेळात दोन घराण्यांचे प्रमुख भेटणार असतील तर निम्मा खेळ अटींचाच होऊ द्या. किती माणसं, किती अंतरावर, कुणाच्या अंगावर काय, आरसे झाकायचे की नाही. आमच्या पोरांनी अशी एक बोलणी अख्खा रविवार घासली, एकदाही फासा टाकला नाही, आणि चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही.

दसऱ्याचं गणित

अवघड प्रसंग कसा रचायचा ते बघायचं असेल तर कोल्हापूरचा दसरा बघा. दसरा चौकात संध्याकाळी अंबाबाईची आणि भवानीची पालखी येते, छत्रपती घराण्यातली मंडळी त्या जुन्या मेबॅक गाडीतून येतात, लक्कडकोटाजवळ शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि त्याच क्षणी लोक सोनं लुटायला तुटून पडतात. इथवर सगळं रांगेत, दोरीच्या आत, ज्याच्या त्याच्या पॉइंटवर माणूस. फैर झाली की रांग संपली. आणि त्यानंतर तर आणखी अवघड: लोकांना महाराजांच्या हातात सोनं द्यायचं असतं. हजारो माणसं, प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी, आणि प्रत्येकाला अगदी हाताच्या अंतरावर यायचंय. त्यांना अडवायचं नाही. अडवलं तर सण मोडला.

या प्रसंगात जादू घाला. पानात शाप भरणारं वेलवाडकर घराणं आहे. आपट्याच्या पानांच्या ढिगात एक पान वाईट आहे. पान हातात पडलं की काम झालं. राजा हात मागं घेऊ शकत नाही, कारण रयतेचं सोनं नाकारणारा राजा म्हणजे संपलाच. आता तुमचा दोन तलवारींचा गडी काय करणार?

आमच्या टेबलावर यावर दोन तोड निघाल्या. भाच्यानं सांगितलं, राजानं पानं हातात घ्यायचीच नाहीत, पुढं चांदीची परात धरायची. छान. पण परात म्हणजे घासलेली चांदी, म्हणजे दर्पणकरांना दार उघडं. दुसऱ्या पोरीनं सांगितलं, प्रत्येक पान आधी अंगरक्षकाच्या तळव्यातून जाईल, मग राजाकडं. म्हणजे शाप आधी त्याला लागणार. ठीक, मग दर दसऱ्याला एक अंगरक्षक जायचा धोका आला. हे कोण पत्करतं? का पत्करतं? त्याच्या बायकोला हे माहीत आहे का? इथं तिनं लिहिलेला अंगरक्षक पहिल्यांदा माणूस झाला. नवमीच्या रात्री तो घरी जेवायला जातो आणि आईच्या पाया पडतो. एरवी पडत नाही, म्हणून आईला कळतं की यंदा याचा नंबर आहे.

यातून घ्यायचं ते एवढंच की प्रत्येक संरक्षणाला एक फट ठेवा आणि त्या फटीत अंगरक्षक उभा करा. राजाभोवती जादू चालत नाही असं रिंगण आखलंत, तर साधा चाकू चालतो. चिलखत दिलंत, तर उन्हात चक्कर येते. फट नसेल तर अंगरक्षक लागतोच कशाला? मंत्रच लावून ठेवा आणि सगळ्यांना सुट्टी द्या.

हल्ला झाला की

इथं बहुतेक गोष्टी आणि बहुतेक खेळाडू चुकतात. हल्ला झाला की सगळे अंगरक्षक हल्लेखोराच्या मागं धावतात. आमच्याकडं असं कुणी केलं असतं तर साहेबांनी सोलून काढलं असतं. आधी साहेब, मग हल्लेखोर. अंगाला अंग लावायचं, खाली दाबायचं, आणि आधी ठरवलेल्या वाटेनं बाहेर काढायचं. हल्लेखोराचं काय करायचं ते बाहेरच्या घेऱ्यानं बघायचं. म्हणून कागदावर दोन गट वेगळे लिहा: नेणारे आणि थांबणारे.

रोममध्ये 6 मे 1527 ला असंच झालं. बंडखोर सैन्य शहरात घुसलं तेव्हा पोपच्या स्विस रक्षकांपैकी 147 जण लढत पडले आणि उरलेल्या 42 जणांनी पोपला सांत आंजेलोच्या किल्ल्यात पोहोचवलं. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही म्हणा. पन्हाळा इथून जेमतेम 20 किलोमीटर. जुलै 1660, सिद्दी जौहरचा वेढा, पावसाची रात्र. शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून निघाला आणि पकडला गेला. बाजीप्रभू खिंडीत थांबले. महाराज विशाळगडाकडं. एक फसवणारा, एक थांबणारा, एक नेणारा गट, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खूण: गडावरून तोफांचे आवाज झाले की पोहोचले. थांबणाऱ्याला कधीपर्यंत थांबायचं हे कळायला हवं. तुमच्या कथेत ही खूण लिहायला विसरू नका. आणि डीएम असाल तर ती खूण उशिरा द्या. पोरं नखं खातात.

शिवा काशीदवरून आणखी एक. रूप बदलायची जादू तुमच्या राज्यात असेल तर तोतया राजा फार स्वस्त होतो. कुणीही उठून राजा होईल. मग अंगरक्षकानं खरा राजा ओळखायचा कसा? आमच्या खेळात राजा रोज सकाळी एकालाच एक क्षुल्लक गोष्ट सांगतो: आज कुठल्या पायात आधी जोडा घातला, असली. रूप चोरता येतं, सकाळ चोरता येत नाही. आणि शत्रूनं तोतया पकडला की तो कितपत तग धरेल, हेही ठरवा. शिवा काशीद कोण आहे हे उघड झाल्यावर त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. जादूनं फक्त चेहरा बदलतो, मरायची तयारी त्यानं येत नाही.

हत्याराबद्दल थोडक्यात. मर्दानी खेळाच्या आखाड्यात दांडपट्टा फिरताना बघितलाय ना? केवढं रिंगण लागतं! बोळात, जिन्यात, पालखीशेजारी पट्टा म्हणजे आपल्याच राजाचं नाक. जवळ उभ्या असलेल्याला बिचवा, कट्यार, फार तर आखूड काठी द्या. बाहेरच्या घेऱ्याला विटा द्या. दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढता येतो, जादूगाराला अंतरावर ठेवायला झकास. आगीची जादू लाकडी छताखाली वापरणाऱ्या अंगरक्षकाला पहिल्याच दिवशी घरी पाठवा.

रोजचं रटाळ

अंगरक्षकाचा बहुतेक वेळ काहीच न होण्यात जातो. हे लिहाल तर तुमचा अंगरक्षक वाचणाऱ्याला पटेल. पाय सुजतात. बूट आवळतो. पाणी कमी प्यायचं, कारण पॉइंट सोडून जाता येत नाही. दुपारचं पाकीट संध्याकाळी येतं, त्यातली चटणी विटलेली असते. नजर एका जागी ठरली की डोळे उघडे ठेवून झोप लागते, म्हणून आम्ही मनात गाड्यांचे नंबर उलटे म्हणायचो. सगळ्यात कच्ची वेळ म्हणजे पहारा बदलायची. जाणारा मनानं घरी पोहोचलेला असतो, येणाऱ्याच्या अंगातली झोप गेलेली नसते. मी खेळात हल्ला करायचा झाला तर तेव्हाच करतो. दोनदा झाल्यावर पोरांनी पहारा बदलायची वेळ रोज वेगळी ठेवायला सुरुवात केली. हे मी सांगितलं नव्हतं.

खाण्याचं तर वेगळंच. चाखणारा ठेवलात तर विष किती वेळानं चढतं ते ठरवा, नाहीतर चाखणारा आणि राजा दोघं एकदमच आडवे. आणि तांबड्या रश्श्यात काय वाटेल ते लपतं, पांढऱ्यात नाही, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. आमचा राजा म्हणून मेजवानीत पांढराच पितो आणि तांबडा घरी, बायकोच्या हातचा. पाण्यासाठी पन्हाळ्याची अंधार बाव बघून या. शत्रूला पाण्यापर्यंत पोहोचता येऊ नये म्हणून विहिरीवर अख्खी इमारत बांधून ती झाकून टाकलीय. तिथल्या जिन्यात पाच मिनिटं उभं राहिलात तर अर्धा खेळ तिथंच सुचेल. परत येताना न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात हत्यारं बघा, मुठी किती लहान आहेत ते बघा.

शपथ कुणाची

हा भाग पोरं टाळतात आणि मला सगळ्यात जास्त आवडतो. अंगरक्षकाची शपथ नेमकी कुणाला बांधलेली आहे? राजाच्या देहाला, रक्ताला, की गादीला?

आपल्याच गादीचं बघा. 1714 साली पन्हाळ्यावर सत्ता पालटली. ताराराणी आणि त्यांचा मुलगा कैदेत, राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर. त्या रात्री दारावर जो पहारेकरी होता, तो काल ज्यांना मुजरा करत होता त्यांच्याच खोलीला आज बाहेरून कडी. पुढं 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक आला, तेच राजर्षी शाहू महाराज. जादूच्या राज्यात शपथ रक्ताला बांधलेली असेल तर दत्तक राजाला ती ओळखणारच नाही. विचार करा, गादीवर नवा राजा बसतोय आणि त्याच्या अंगरक्षकांचे मंत्र त्याच्यापाशी मुके आहेत. त्याला पहिली काही वर्षं मंत्राशिवाय, निव्वळ माणसं जोडून जगावं लागेल. मी या एका प्रसंगावर तीन महिने खेळ चालवीन.

मग सरदार घराणी. कोल्हापूरच्या गादीभोवती विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, कापशीचे सेनापती, इचलकरंजीचे आणि कागलचे घोरपडे-घाटगे अशी जहागीरदार मंडळी होती. प्रत्येकाचा हुद्दा, प्रत्येकाचा मान. तुमच्या जादूगार घराण्यांनाही असे हुद्दे द्या. आणि एक खोडी करा: प्रत्येक घराण्यानं राजाला एक अंगरक्षक द्यायचा, असा जुना करार ठेवा. अंगारवाडकरांना अंगारवाडकरच ओळखणार, म्हणून हा करार गरजेचा आहे, आणि म्हणूनच तो वाईट आहे. तळवे बघणारा माणूस ज्याच्या तळव्यांकडं बघतोय तो त्याचा चुलता असतो. लग्नाला त्याच्याच मांडवात जेवलेला असतो. चुलत्यानं हात चोळले, तर तो कान धरेल की पगडी सारखी करेल?

पगाराचं मात्र कुणीच लिहीत नाही. शपथ, इमान, रक्त, सगळं लिहितात, पगार नाही. 193 साली रोमच्या प्रेटोरियन रक्षकांनी आपल्याच सम्राटाला मारलं आणि गादीचा चक्क लिलाव केला. ज्यानं बोली जिंकली तोही जेमतेम दोन महिने टिकला. आणि 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं ते वाड्यावर पहाऱ्याला असलेल्या गारद्यांनीच. थकलेल्या पगाराचं निमित्त करून ते आत घुसले. कारस्थान वरच्या माणसांचं होतं, पण दार उघडायला थकलेला पगार पुरला.

म्हणून कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहितात त्या कागदावर, शक्तीच्या आकड्यांच्या वर एक ओळ घाला: पगार कोण देतं, कधी देतं, शेवटचा कधी मिळाला. राजा देतो, दिवाण देतो की घराणं देतं, यावर सगळं बदलतं. घरी किती तोंडं आहेत तेही तिथंच लिहा. माझ्या खेळात नवीन अंगरक्षक आला की मी सुरुवातीलाच त्याचा तीन महिन्यांचा पगार थकवून ठेवतो, आणि पहिल्या आठवड्यात दर्पणकरांचा एक गोड बोलणारा कारकून त्याच्या दारात मिठाईचा पुडा घेऊन पाठवतो. पुढचं काही ठरवावं लागत नाही, पोरं आपसातच भांडायला लागतात.